पुढच्या प्लेस्टेशनच्या पोटात नेमकं काय असणार? न्यूरल ॲरे, रेडियन्स कोअर वगैरे सगळं सोप्या भाषेत

९ ऑक्टोबर २०२५ ला सोनीने एक जेमतेम नऊ मिनिटांचा व्हिडिओ टाकला. त्यात मार्क सर्नी आणि चिप बनवणाऱ्या एएमडी कंपनीचे जॅक ह्युन हे दोघं पुढच्या प्लेस्टेशनसाठी मिळून काय काम चाललंय त्याबद्दल बोलले. सर्नी म्हणजे पीएस४ आणि पीएस५ या दोन्हींची आतली रचना ज्यांनी आखली ते, त्यामुळे ते बोलतात तेव्हा नीट ऐकावं असं मला वाटतं. त्यांनी तीन नावं घेतली: न्यूरल ॲरे, रेडियन्स कोअर आणि युनिव्हर्सल कंप्रेशन. बऱ्याच जणांच्या ते डोक्यावरून गेलं आणि दुसऱ्याच दिवसापासून जिकडे तिकडे "पीएस६ इतक्या पट फास्ट, इतके टेराफ्लॉप" असले आकडे फिरायला लागले, जे त्या व्हिडिओत कुठेच नाहीत.

माझं म्हणणं असं की त्या व्हिडिओतली खरी बातमी आकड्यांपेक्षा कितीतरी मोठी आहे. आत्तापर्यंत दर नवीन कन्सोल म्हणजे जास्त ताकद, हे आपण धरून चाललो होतो. या वेळी सगळा भर आहे तो आहे ती ताकद वाया कुठे जाते ते शोधून ती वाचवण्यावर, आणि हे एकदा कळलं की पुढची दोन-तीन वर्षं येणाऱ्या लीक आणि अफवा वाचताना कशाकडे बघायचं ते आपोआप कळतं.

आधी जाहीर काय झालंय ते बघू

फार थोडं. पीएस६ हे नाव कोणी घेतलं नाही, तारीख नाही, किंमत नाही. सर्नी एवढंच म्हणाले की हे तंत्र काही वर्षांनी येणाऱ्या कन्सोलमध्ये आणायचंय आणि तेव्हा ते फक्त सिम्युलेशनमध्ये होतं, म्हणजे चिप कारखान्यात बनलेली नव्हती, तिचं वागणं कॉम्प्युटरवर तपासून बघणं चालू होतं. चिप बनवायला प्रचंड खर्च येतो आणि एकदा बनली की बदलता येत नाही, म्हणून असं आधी बघतात. सोनी आणि एएमडीच्या या जोडकामाला प्रोजेक्ट ॲमेथिस्ट म्हणतात, आणि त्याची घोषणा सर्नींनी डिसेंबर २०२४ मध्येच केली होती, पीएस५ प्रो (पीएस५ चंच जास्त ताकदीचं मॉडेल) कसा बनवला ते सांगताना.

पीएस३ नोव्हेंबर २००६, पीएस४ नोव्हेंबर २०१३, पीएस५ नोव्हेंबर २०२०. सात-सात वर्षांचं अंतर आहे, म्हणून लोक २०२७ चा नोव्हेंबर म्हणतात. हा नुसता हिशोब आहे, घोषणा नव्हे.

एका फ्रेमला मिळणारा वेळ

आता अगदी मुळापासून. स्क्रीनवर दिसणारा गेम म्हणजे एकामागोमाग एक दाखवलेली चित्रं, एका चित्राला फ्रेम म्हणायचं. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला मिळतात १६.६७ मिलिसेकंद, म्हणजे डोळ्याची पापणी एकदा लवते तेवढ्यात सहा-सात तरी फ्रेम होऊन जातात. आणि ४के स्क्रीनवर एका फ्रेममध्ये पिक्सेल असतात ८२,९४,४००. म्हणजे सेकंदाला जवळपास ५० कोटी पिक्सेलचा रंग ठरवायचा, आणि प्रत्येकाचा रंग ठरवताना तिथे कुठली वस्तू आहे, ती ओली आहे का खरबरीत आहे, उजेड कुठून येतोय, सावली पडतेय का हे सगळं बघायचं.

हे काम करते ग्राफिक्सची चिप, म्हणजे जीपीयू. जीपीयूच्या आत एकसारखी बरीच छोटी युनिट्स असतात, त्यांना कंप्युट युनिट म्हणतात, मी पुढे नुसतं युनिट म्हणेन. पीएस५ मध्ये अशी ३६ चालू युनिट्स आहेत, पीएस५ प्रोमध्ये ६०.

टेराफ्लॉपवरून का जाऊ नये

टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी आकडेमोडी. पीएस५ चा आकडा १०.२८, प्रोचा १६.७. प्रो यायच्या आधी जी कागदपत्रं फुटली त्यात मात्र ३३.५ असा आकडा फिरत होता, म्हणजे बरोबर दुप्पट. कारण असं की एएमडीच्या नंतरच्या पिढीच्या जीपीयूत एकाच वेळी दोन आकडेमोडी करायची सोय आली आणि कागदावर आकडा थेट दुप्पट झाला, पण गेममध्ये दर वेळी दोन आकडेमोडी जोडीने करता येत नाहीत त्यामुळे प्रत्यक्षात वेग काही दुप्पट होत नाही. सर्नींनी जाहीर भाषणात यालाच फ्लॉपफ्लेशन म्हटलं होतं, म्हणजे आकड्यांची महागाई, आकडा फुगला पण त्यात येणारा माल तेवढाच.

आता सोनीने स्वतः दिलेला एक हिशोब बघा, मला तो सगळ्यात बोलका वाटतो. पीएस५ वरून प्रोवर येताना युनिट्स वाढली ६७ टक्के, पण गेम रेंडर करायचा, म्हणजे फ्रेम काढायचा वेग वाढला जास्तीत जास्त ४५ टक्के. उरलेलं कुठे गेलं? बऱ्याच अंशी उत्तर एकाच ठिकाणी आहे, मेमरीचा वेग वाढला होता फक्त २८ टक्के.

मेमरी मागे पडतेय, आणि हीच खरी गोची आहे

जीपीयू आकडेमोड करतो पण त्यासाठी लागणारा सगळा माल, म्हणजे वस्तूंचे आकार, भिंतींची-कपड्यांची चित्रं, आधी काढलेल्या अर्धवट फ्रेम, हे सगळं बाजूच्या मेमरी चिप्समध्ये असतं. तिथून सेकंदाला किती डेटा ये-जा करू शकतो त्याला बँडविड्थ म्हणतात. पीएस५ ला सेकंदाला ४४८ जीबी मिळते, प्रोला ५७६ जीबी.

ऐकायला अफाट वाटतं, पण ६० ने भागा. पीएस५ ला एका फ्रेमसाठी साधारण साडेसात जीबी येतात. त्यातूनच चित्रं वाचायची, सावल्यांचे नकाशे लिहायचे आणि परत वाचायचे, धूर-काच असलं काही असलं की एकाच पिक्सेलवर पुन्हा पुन्हा लिहायचं, आणि शिवाय सीपीयूलाही (मुख्य प्रोसेसर) त्याच मेमरीतून खायला घालायचं कारण कन्सोलमध्ये दोघांची मेमरी एकच असते. मग युनिट्स कितीही वाढवली तरी ती माल यायची वाट बघत बसून राहतात.

मग बँडविड्थच वाढवा की, असं कोणीही म्हणेल. वाढवतात, पण त्याला पैसे लागतात, चिपच्या कडेला मेमरीच्या जोडण्यांसाठी जागा लागते, आणि वीज लागते, डेटा चिपच्या बाहेर नेऊन परत आणायला आकडेमोडीपेक्षा कितीतरी जास्त वीज जाते. कन्सोल टीव्हीखाली बसवायचा आणि सर्वसामान्य माणसाला परवडेल असा ठेवायचा असतो, तिथे हे सगळं मनासारखं वाढवता येत नाही.

युनिव्हर्सल कंप्रेशन: पाठवतानाच कमी पाठवा

इथे पहिलं तंत्र येतं. आजही एएमडीच्या जीपीयूत डेल्टा कलर कंप्रेशन नावाची सोय आहे. शेजारशेजारचे पिक्सेल बहुधा सारख्याच रंगाचे असतात, मोकळं आकाश असेल तर शेकडो पिक्सेलमध्ये फरक जवळजवळ नसतोच, मग प्रत्येकाचा पूर्ण रंग लिहिण्यापेक्षा एकाचा पूर्ण आणि बाकीच्यांचा नुसता फरक लिहिला की काम भागतं. पण ही सोय ठराविक प्रकारच्या डेटालाच मिळते, मुख्यतः चित्रं आणि काढल्या जाणाऱ्या फ्रेम.

युनिव्हर्सल कंप्रेशन म्हणजे मेमरीकडे जाणारा प्रत्येक डेटा बघायचा, चित्र असो नाहीतर अजून काही, आणि जिथे आवळता येईल तिथे आवळूनच पाठवायचा. हे सगळं हार्डवेअर आपणहून करणार. म्हणजे कागदावर बँडविड्थ जेवढी लिहिलेली असेल त्यापेक्षा जास्त डेटा प्रत्यक्षात पोचेल आणि वीजही वाचेल. उद्या जर नवीन कन्सोलच्या मेमरीचा आकडा ऐकून "एवढाच?" असं वाटलं तर हे आठवा, कारण जुन्या कन्सोलच्या आकड्याशी त्याची थेट तुलनाच करता येणार नाही.

यावर दोन शंका लगेच येतात. आवळलं म्हणजे चित्राची क्वालिटी जाणार का, जसं फोटो फॉरवर्ड होत होत खराब होतो तसं? डेल्टा कलर कंप्रेशनमध्ये तसं काही होत नाही, त्यात डेटा जसाच्या तसा परत मिळतो, एक बिटही हरवत नाही, आणि नवीन तंत्र त्याच वाटेवरचं पुढचं पाऊल आहे. दुसरी शंका, मग कमी रॅम चालेल का? इथे जरा सावध राहा. डेल्टा कलर कंप्रेशनने ये-जा कमी होते, पण मेमरीत जागा पूर्ण आकाराचीच राखून ठेवावी लागते, कारण पुढच्या फ्रेममध्ये आकाशाऐवजी दाट झाडी आली तर तिथे काहीच आवळलं जाणार नाही. म्हणून रॅम किती जीबी आणि तिचा वेग किती हे दोन प्रश्न नेहमी वेगळे विचारायचे.

"खोटे पिक्सेल" या तक्रारीबद्दल

पुढचं तंत्र समजायचं असेल तर आधी अपस्केलिंग समजून घ्यावं लागेल, म्हणजे फ्रेम छोट्या आकारात काढायची आणि मग मोठी करायची. १०८०पी मध्ये पिक्सेल असतात २०,७३,६००, ४केच्या बरोबर पाव. म्हणजे गेम १०८०पी मध्ये काढून ४के करून दाखवला तर चारातले तीन पिक्सेल त्या फ्रेममध्ये काढलेलेच नसतात, ते ठरवले जातात. पीएस५ प्रोमध्ये हे काम एक न्यूरल नेटवर्क करतं, सोनीने त्याला पीएसएसआर नाव दिलंय. न्यूरल नेटवर्क म्हणजे हजारो उदाहरणं दाखवून शिकवलेला प्रोग्राम, यात आकडेमोडीचे एकावर एक थर असतात.

"हे तर खोटे पिक्सेल, मी पैसे खऱ्या पिक्सेलचे देतोय" ही तक्रार मी खूप ठिकाणी वाचली आणि ती मला अर्धीच पटते. एक तर हे हवेतून आणलेले पिक्सेल नसतात, आधीच्या फ्रेममध्ये काढलेले पिक्सेल, कुठली वस्तू कुठल्या दिशेला किती सरकली याची माहिती, हे सगळं घेऊन ठरवलेलं असतं, आणि स्थिर दृश्यात तर मागच्या काही फ्रेम जोडून खरा तपशीलच परत मिळतो. पण तक्रारीचा अर्धा भाग खरा आहे. प्रोच्या सुरुवातीच्या काही गेम्समध्ये झाडाची पानं, जाळ्या, बारीक तारा अशा ठिकाणी लुकलुकणं दिसत होतं आणि डेव्हलपरना नंतर पॅच, म्हणजे दुरुस्तीचे अपडेट काढावे लागले. यावरचा उपाय म्हणजे जास्त मोठं, जास्त शिकलेलं नेटवर्क, आणि ते त्याच १६.६७ मिलिसेकंदांत, खरं तर त्यातल्या एक-दोन मिलिसेकंदांत बसवायचं.

न्यूरल ॲरे: कडा वाया जातात त्याचं काय?

अडचण कुठे येते ते एकदा जवळून बघू, कारण सगळी गंमत इथेच आहे.

नेटवर्कचा प्रत्येक थर पूर्ण फ्रेमवर फिरतो आणि पुढच्या थरासाठी काही आकडे सोडून जातो. समजा दर पिक्सेलमागे १६ बाइट सोडले, तर ४के फ्रेमसाठी १३० एमबीच्या वर डेटा होतो. हा दर थराला बाहेरच्या मेमरीत लिहायचा आणि परत वाचायचा तर आधीच कमी पडणारी बँडविड्थ संपलीच. म्हणून प्रोमध्ये सर्नींच्या टीमने वेगळा मार्ग काढला, युनिट्सच्या आत आकडेमोडीसाठी जी रजिस्टर्स असतात तीच मेमरी म्हणून वापरली. सगळी मिळून ती भरतात फक्त १५ एमबी, पण त्यांचा वेग आहे सेकंदाला २०० टीबी, म्हणजे बाहेरच्या मेमरीच्या जवळपास साडेतीनशे पट.

१५ एमबीत पूर्ण फ्रेम मावत नाही, म्हणून तिचे छोटे चौकोन करायचे आणि एकेक चौकोन सगळ्या थरांतून आतल्या आत काढायचा. इथेच कडेचा प्रश्न येतो. नेटवर्क कुठलाही पिक्सेल ठरवताना त्याच्या आजूबाजूचे पिक्सेल बघतं. चौकोनाच्या कडेला असलेल्या पिक्सेलचे शेजारी पलीकडच्या चौकोनात असतात, ते दिसत नाहीत, त्यामुळे कडेचा निकाल चुकतो, पुढच्या थरात ती चूक अजून आत सरकते, आणि शेवटी सगळ्या बाजूंनी एक पट्टा टाकून द्यावा लागतो.

गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत रस्त्यावर मोठी महारांगोळी काढतात ती आठवा. समजा प्रत्येकाला एक एक चौकोन दिलाय आणि शेजारी काय काढतोय ते बघायला बंदी आहे, तर नक्षी जोडायची म्हणून प्रत्येक जण आपल्या चौकोनाबाहेरही थोडी रांगोळी अंदाजाने काढणार आणि मग ती पुसून टाकणार, मेहनत आणि रंग दोन्ही वाया. त्याच लोकांना एकमेकांचं बघून एकच मोठा चौकोन मिळून काढू दिला तर पुसायला लागते फक्त सगळ्यात बाहेरची कड.

आकड्यात बघा. उदाहरणादाखल १०० गुणिले १०० चा चौकोन घेतला आणि प्रत्येक बाजूचे १० पिक्सेल टाकावे लागले तर हाती येतात ८० गुणिले ८०, म्हणजे १०,००० मधले ६,४००, तब्बल ३६ टक्के काम वाया. चौकोन ४०० गुणिले ४०० चा केला तर तोच १० चा पट्टा टाकूनही वाया जातं दहा टक्क्यांच्या आतच. नेटवर्क तेच, गणित तेच, फक्त चौकोन मोठा.

न्यूरल ॲरे म्हणजे हेच. आज प्रत्येक युनिट आपापलं बघतं. नवीन रचनेत जीपीयूच्या एका भागातली युनिट्स एकमेकांना डेटा देऊ-घेऊ शकतील आणि एआयच्या कामासाठी मिळून एकाच मोठ्या इंजिनसारखी वागतील. स्क्रीनचा मोठा तुकडा एका दमात होईल. मला तिन्हीत हे सगळ्यात हुशार वाटतं, कारण वेगळी एआय चिप डकवण्यापेक्षा आहे त्याच युनिट्सकडून जास्त काम निघतंय, आणि एआयचं काम नसेल तेव्हा ती नेहमीच्या ग्राफिक्सच्या कामाला मोकळी असतात.

रेडियन्स कोअर: किरण कुठे आपटतो ते कोण शोधणार

रे ट्रेसिंग म्हणजे उजेडाचे किरण गणिताने सोडून ते कुठे आपटतात, कुठे वळतात हे बघणं. रात्रीच्या गल्लीत पाण्याचं डबकं आहे आणि वर लाल पाटी लावलेली आहे, तर डबक्यात ती पाटी बरोबर कुठे आणि कशी दिसेल हे काढायला डबक्याच्या प्रत्येक पिक्सेलमधून एक किरण वर सोडायचा आणि तो कशाला लागला ते शोधायचं. जुन्या पद्धतीत डबक्यात फक्त तेच दिसू शकतं जे आधीच स्क्रीनवर आहे. कॅमेरा खाली केला, पाटी स्क्रीनबाहेर गेली, की डबक्यातूनही ती गायब! हे एकदा लक्षात आलं की गेम खेळताना सारखं खुपायला लागतं.

पण किरण कशाला लागला हे शोधणं महाग आहे. दृश्यात लाखो त्रिकोण असतात (गेममधल्या सगळ्या वस्तू त्रिकोणांच्याच बनतात) आणि प्रत्येक किरण प्रत्येक त्रिकोणाशी तपासणं अशक्य. म्हणून त्रिकोण खोक्यांत भरतात, ती खोकी मोठ्या खोक्यांत, ती अजून मोठ्या खोक्यांत. किरण मोठ्या खोक्याला लागलाच नाही तर आतलं सगळं एका फटक्यात सोडून द्यायचं, लागला तर आत शिरायचं. असं खोक्यातून खोक्यात उतरत जाणं हे एका किरणासाठी कितीतरी पायऱ्यांचं काम आहे, आणि १०८०पी ला पिक्सेलमागे एकच किरण सोडला तरी सेकंदाला १२ कोटींच्या वर किरण होतात.

पीएस५ मध्ये किरण एखाद्या खोक्याला किंवा त्रिकोणाला लागतो का एवढं तपासायला खास हार्डवेअर आहे, पण पुढे कुठल्या खोक्यात उतरायचं हे नेहमीची युनिट्स प्रोग्राम चालवून ठरवतात. आणि या युनिट्सची खोड अशी की ती ३२-३२ कामांचा गट एकत्र चालवतात, गटातल्या सगळ्यांनी एका वेळी एकच सूचना पाळायची. रंग भरताना हे छान चालतं. पण खडबडीत भिंतीवरून उसळलेले ३२ किरण ३२ दिशांना जातात, एकाला पाच पायऱ्या लागतात, दुसऱ्याला पन्नास, आणि पाचवाला पन्नासवाल्यासाठी रिकामा बसून राहतो.

रेडियन्स कोअर म्हणजे हा उतरण्याचा सगळा प्रवास सांभाळणारं वेगळं हार्डवेअर. युनिटने किरण सोडायचा, कोअरने शोधून निकाल आणून द्यायचा, दरम्यान युनिट रंगाचं काम करत राहणार. नुसतं रे ट्रेसिंगच नाही, उजेडाचे किरण सगळीकडे अनेकदा उसळवून पूर्ण दृश्य काढायचं पाथ ट्रेसिंगही यामुळे आवाक्यात येईल अशी दोघांची अपेक्षा आहे.

"हे तर एनव्हिडियाकडे कधीचंच आहे"

बरोबर आहे आणि ते मान्य करायला हवं. ग्राफिक्स कार्डांत एएमडीची स्पर्धक असलेल्या एनव्हिडियाने २०१८ च्या आरटीएक्स कार्डांपासूनच खोक्यांतून उतरायचं काम वेगळ्या हार्डवेअरला दिलंय, इंटेलच्या आर्क कार्डांतही ते आहे. एएमडी यात मागे होती.

पण कन्सोलवर येण्याचं महत्त्व वेगळं आहे. पीसीवर महागडं कार्ड थोड्या लोकांकडे असतं, त्यामुळे गेम बनवणारा रे ट्रेसिंग वरून जोडतो, मूळ गेम जुन्या पद्धतीनेच बनवतो आणि प्रत्येक खोलीतला उजेड दोनदा जमवत बसतो, एकदा असा आणि एकदा तसा. कन्सोल मात्र सगळ्यांचा एकच. तिथे चांगलं रे ट्रेसिंग पक्कं मिळणार असेल तर उजेड एकदाच करता येतो, कलाकार दिवा ठेवतो आणि सावली, प्रतिबिंब, भिंतीवर सांडलेला उजेड आपोआप येतो. महिनोन् महिने वाचू शकतात. गेम बनायला आता सहा-सहा वर्षं लागतात, तेव्हा हा फायदा मला चित्राच्या सुंदरपणापेक्षाही मोठा वाटतो.

शिवाय हे काम सोनीपुरतं राहणार नाही. एएमडी तेच तंत्र पुढे स्वतःच्या कार्डांतही आणणार, आणि जून २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही पुढच्या एक्सबॉक्ससाठी एएमडीबरोबरच बरीच वर्षं चालणारा करार जाहीर केलाय. म्हणजे दोन मोठ्या कन्सोलची मुळं परत एकाच कंपनीत.

भारतात येईल का, आणि कधी

हा प्रश्न रास्त आहे कारण आपल्याला अनुभव चांगला नाही. पीएस५ जगात नोव्हेंबर २०२० मध्ये आला, भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला. पीएस५ प्रो ७ नोव्हेंबर २०२४ ला आला आणि भारताला तेव्हा मिळालाच नाही, कारण चिप नव्हे, कारण वाय-फाय! प्रोमध्ये वाय-फाय ७ आहे, ते ६ गिगाहर्ट्झच्या लहरी वापरतं, आणि त्या लहरी घरगुती वाय-फायसाठी भारतात तेव्हा खुल्या नव्हत्या. मे २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने त्यातला खालचा ५०० मेगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना खुला करायचा मसुदा काढला, ती आपल्यासाठी खरंच महत्त्वाची बातमी होती पण गेमिंगवाल्यांमध्ये तिची फारशी चर्चाच झाली नाही. पुढच्या कन्सोलमध्ये यापेक्षा जुनं वाय-फाय असण्याची शक्यता शून्य धरा, त्यामुळे इथे कन्सोल वेळेवर यायचा असेल तर हे नियम तेवढेच महत्त्वाचे जेवढं रेडियन्स कोअर.

दुबईहून-सिंगापूरहून कोणाकडून तरी मागवणारे बरेच आहेत, त्यांनी वॉरंटी कुठल्या देशात चालते ते आधी बघावं.

किंमत, आणि आत्ता पीएस५ घ्यावा का थांबावं

पूर्वी कन्सोल जुना झाला की स्वस्त व्हायचा. या पिढीत उलटं झालं. भारतात पीएस५ आला तेव्हा डिस्कवाला ४९,९९० ला होता, नंतर तोच ५४,९९० झाला. अमेरिकेत ऑगस्ट २०२५ मध्ये सगळ्या मॉडेलवर ५० डॉलर वाढले, प्रो ७४९.९९ वर गेला. चिप बनवणं पूर्वीसारखं वर्षागणिक स्वस्त होत नाही हे एक, आणि २०२५ च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप्स एवढ्या उचलल्या की सगळीकडे रॅम महागली, मेमरी चिप्स बनवणाऱ्या मायक्रॉनने तर डिसेंबरमध्ये घरगुती ग्राहकांसाठीचा क्रुशल हा ब्रँडच गुंडाळायचं जाहीर केलं. अशा वेळी कमी बँडविड्थमध्ये जास्त काम काढणारं तंत्र ही चैन राहत नाही, त्याशिवाय कन्सोल परवडणाऱ्या किमतीत बसवणंच अवघड.

म्हणून ज्यांच्याकडे आज काहीच नाही आणि खेळायची इच्छा आहे त्यांनी थांबू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पीएस५ आल्यावरही पीएस४ साठी कितीतरी वर्षं मोठे गेम येत राहिले, आणि पीएस५ चे आठ कोटींहून जास्त कन्सोल विकले गेलेत, एवढे ग्राहक कुठलीही गेम कंपनी एका रात्रीत सोडणार नाही. ज्यांच्याकडे पीएस५ आहे त्यांना प्रोसाठी बाहेरून धडपड करण्यात मला अर्थ वाटत नाही, कारण प्रोमधलं पीएसएसआर आणि रे ट्रेसिंग ही याच कामाची सुरुवातीची आवृत्ती आहे.

घेताना मात्र डिस्कवालाच बघा. प्रो डिस्क ड्राइव्हशिवाय येतो, ड्राइव्ह वेगळा घ्यावा लागतो, आणि आपल्याकडे चार-पाच हजारांचा नवा गेम घेऊन, संपवून, चांगल्या भावात दुसऱ्याला विकून त्या पैशात पुढचा घ्यायचा यावर कित्येकांचं गेमिंग चालतं. पुढच्या कन्सोलची अधिकृत घोषणा होईल तेव्हा टेराफ्लॉप सोडा, रॅम किती जीबी, तिची बँडविड्थ किती, भारतातली तारीख कुठली आणि डिस्क ड्राइव्ह आत आहे का वेगळा, हे चार प्रश्न आधी विचारा.